दुसरी किल्ली

करंजपाड्यात कुणाच्याच दाराला कुलूप नव्हतं. कुडाच्या भिंती, आत चार मडकी आणि एक कोयता. कुलूप लावायचं तरी कशाला? त्यामुळे भिका रेल्वेत पॉइंटमन म्हणून लागला आणि त्याच्या कमरेला पितळेची जाडजूड किल्ली लटकू लागली, तेव्हा अख्खा पाडा ती बघायला आला. म्हाताऱ्यांनी ती हातावर तोलून पाहिली. पोरांनी चाटूनही पाहिली. त्याची बायको बायडी म्हणाली, "या किल्लीत रेलवेनं काय ठेवलाय?"

"गाडी ठेवलीय," भिका म्हणाला.

सगळे हसले, पण त्याने थाप मारली नव्हती. पालघर सोडून बोईसरकडे निघालं की मध्ये सागपाडा नावाचं लहानसं स्टेशन लागायचं. स्टेशनापासून सातशे पावलांवर मुख्य रुळातून एक फाटा फुटून खडीच्या खाणीत जायचा. रूळ जिथे फुटतो त्या जागेला सांधा म्हणतात, आणि या सांध्याला कुलूप होतं. सांधा खाणीकडे वळवला की किल्ली कुलपातच अडकून बसायची. ओढा, शिव्या द्या, देवाचं नाव घ्या, निघायची नाही. सांधा परत सरळ केला, रुळाला रूळ नीट चिकटला, खटका बसला, तरच ती हातात यायची. मग ती घेऊन भिकाने स्टेशनापर्यंत चालत जायचं. मास्तरच्या खोलीत सिग्नलचा दांडा होता, त्यालाही कुलूप होतं आणि ते याच किल्लीने उघडायचं. किल्ली फिरली की दांडा सुटायचा, दांडा ओढला की सिग्नलचा हात खाली पडायचा, आणि हात पडला की गाडी यायची.

किल्ली एक आणि कुलपं दोन. म्हणजे सांधा उघडा असेल तोवर किल्ली तिथे अडकलेली, आणि किल्ली तिथे असेल तोवर सिग्नल पडणार नाही. ज्या कुणी साहेबाने ही युक्ती काढली त्याला माणसांची चांगलीच पारख असावी. त्याने माणसावर मुळी विश्वासच ठेवला नव्हता.

पण त्या साहेबाला सातशे पावलं कुठे चालायची होती? सातशे पावलं म्हणजे पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात तापलेली खडी, आणि कुठल्याही दिवसांत दहा मिनिटं. तेवढा वेळ मेन लाइनची गाडी बाहेर उभी राहायची. मग वरून फोन यायचा, आणि नागोराव मास्तर कानाला फोन लावून नुसतं "जी, जी" करत राहायचे. नागोराव परभणीकडचे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला साहेबाची भीती देवापेक्षा जास्त वाटायची, आणि अशी माणसं वाईट माणसांपेक्षा जास्त नुकसान करतात. फोनला कंटाळून त्यांनी ठरवून टाकलं, की खाणीचे डबे दिवसातून एकदाच आत घ्यायचे. एकदाच डबे, म्हणजे खडी कमी, म्हणजे खाणीत माणसंही कमी.

इथे पाड्याचा संबंध येतो. भातकापणी झाली की करंजपाडा रिकामा व्हायचा. दिवाळी सरली की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांचे ट्रक दारात उभे राहायचे. माणसं, बायका, पोरं, कोंबड्या, सगळं त्यात चढायचं आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर उतरायचं. चढलेले सगळेच उतरायचे असं नाही. भिकाची बहीण तानी आणि तिचा नवरा जिवल्या थोरल्या पोरीला घेऊन गेले होते, ते पोरीशिवाय परत आले. भट्टीवर ताप भरला, डॉक्टर चार कोसांवर, मुकादम म्हणाला, उद्या बघू. पोरीने उद्याची वाट बघितली नाही. तानी परत आली तेव्हा रडली नाही. घरात शिरली आणि तिने चूल सारवायला घेतली, एवढंच.

म्हणून खाणीचा मुकादम कृष्णकांत एक दिवस बिडी पुढे करत भिकाशेजारी बसला तेव्हा भिकाने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. कृष्णकांत केळव्याकडचा, गोरागोमटा, बोलायला गोड. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय नव्हती.

"भिका, दिवसाला चार वेळा डबे आत आले, तर मला साठ माणसं लागतील. थेट पावसापर्यंत. तुझा पाडा भट्टीवर जायचा नाही. फक्त ती चाल वाचायला हवी. तू सांधा बंद करायचा, तिथूनच हिरवी झेंडी दाखवायची, मास्तरने हात पाडायचा. किल्ली मागाहून सावकाश आण."

"किल्लीबिगर दांडा सुटत नाय."

"मास्तरकडे एक वेगळी असली तर सुटेल की."

 कृष्णकांतने खिशातून कपडे धुवायच्या साबणाची नवी वडी काढली आणि दोघांच्या मध्ये दगडावर ठेवली. मास्तरशी बोलणं झालंय, म्हणाला.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याला नावं ठेवता आली असती. पण भिकाला त्या क्षणी रेल्वे दिसली नाही, सिग्नल दिसला नाही. त्याला चूल सारवणारी तानी दिसली. त्याने कमरेची किल्ली सोडली आणि आपल्याच हाताने साबणात दाबली. आधी एक बाजू, मग दुसरी. बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवाल्यांना तोटा नाही. चौथ्या दिवशी नवी कोरी किल्ली मास्तरच्या खोलीत सिग्नलच्या कुलपात जाऊन बसली ती बसलीच.

त्या वर्षी भट्टीचा ट्रक करंजपाड्यात आला आणि रिकामा परत गेला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या. बायका दारात उभ्या राहून हसत होत्या. तानीला खाणीवर काम लागलं, शिवाय सकाळी स्टेशनाचे माठ भरायचे. जिवल्या डब्यांवर होता. डबे आत आले की चाकाखाली दगड लावायचा आणि खडी भरायला उभा राहायचा. भिका संध्याकाळी पाड्यात शिरला की कुणीतरी हटकून त्याला बसायला घोंगडी टाकायचं. एवढा मान त्याच्या बापजाद्यांना कधी मिळाला नव्हता आणि त्याला तो आवडत होता. का आवडू नये?

दोन वर्षं सुरळीत गेली, आणि घात केला तो या सुरळीतपणानेच. पहिले सहा महिने नागोराव खिडकीत उभे राहून झेंडीची वाट बघायचे. मग बसल्या बसल्या मान वळवून बघायचे. पुढे पुढे तर ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. डबे आत जाऊन पाच मिनिटं झाली म्हणजे भिकाने सांधा बंद केला असणारच, असं धरून ते दांडा ओढायचे. भिका झेंडी दाखवायचा ती आकाशाला. त्याला हे कळत होतं का? कळत होतं. एकदा तो बोललाही. मास्तर म्हणाले, "तू कधी चुकतोस का रे? मग?" त्याला बरं वाटलं आणि तो गप्प बसला.

एक्याऐंशी सालचा मार्च. सकाळचे अकरा. इंजिनाने डबे खाणीत ढकलले आणि ते निघून गेलं. भिकाने सांधा सरळ करायला घेतला. रूळ सरकला, पण बोटभर फट ठेवून थांबला. खडीचा एक तुकडा आत खोल जाऊन बसला होता. खटका बसेना. किल्ली कुलपात घट्ट. भिकाने पहार घातली, तुकडा हलेना. घाई नव्हती. कायद्याने घाई नव्हतीच. त्याच्या कमरेची किल्ली जोवर इथे अडकली आहे तोवर कुठली गाडी येणार? मास्तरकडची दुसरी किल्ली त्या क्षणी त्याच्या ध्यानातच आली नाही. सवयीने त्याने लाल झेंडी काढली, स्टेशनाकडे तोंड करून धरली, आणि पुन्हा वाकला.

सिग्नलच्या तारेचा कुरकुर आवाज झाला. भिकाने मान उचलली. सिग्नलचा हात त्याच्या डोळ्यांदेखत खाली पडला.

सांधा उघडा, किल्ली कुलपात, आणि सिग्नल पडलेला. जे होऊच शकत नाही म्हणून त्याला शिकवलं होतं, ते त्याने आपल्या हाताने होण्याजोगं करून ठेवलं होतं. तो लाल झेंडी घेऊन पालघरच्या दिशेने धावला. मालगाडीच्या ड्रायव्हरने त्याला पाहिलं, ब्रेकही मारला. पण एवढी लोखंडाची रांग माणसाच्या धावण्याने थांबत नसते. गाडी त्याच्या अंगावरून वारा घालत पुढे गेली आणि सांध्यावर खाणीकडे वळली. बाकीचे डब्यांवरून उड्या टाकून बाजूला झाले. जिवल्या खाली होता, चाकाखाली दगड लावत.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. भिका जिवल्याजवळ जाऊन बसला तो तिसऱ्या प्रहरापर्यंत उठला नाही. तेवढ्या वेळात कृष्णकांतने दोन माणसं घेऊन पहारीने आणि घणाने सांध्याचं कुलूप फोडलं, त्यातली जुनी किल्ली काढली आणि खाणीच्या पाण्यात टाकली. पाणी तिथे तीन पुरुष खोल होतं.

आता किल्ली एकच उरली होती. ती मास्तरच्या खोलीत, सिग्नलच्या कुलपात, जिथे असायला हवी तिथे.

कृष्णकांत त्याच संध्याकाळी भिकाकडे आला. या वेळी त्याने बिडी दिली नाही. "चौकशी लागेल," तो म्हणाला. "तू सांगायचं, दगड अडकला होता, गाडीची घाई होती, मीच पहारीने कुलूप उचकटून किल्ली काढली नि मास्तरला नेऊन दिली; परत आलो तोच गाडी दिसली, म्हणून झेंडी घेऊन धावलो. नोकरी जाईल. बाकी मी बघतो. दुसऱ्या किल्लीचं नाव काढलंस, तर खाणीला टाळं लागेल आणि दिवाळीला तुझा पाडा ट्रकमध्ये बसेल. बघ बाबा."

नागोरावांनी तर केव्हाच कानांवर हात ठेवले होते. भिकाने किल्ली आणून दिली, मी दांडा ओढला, असं त्यांनी लिहून दिलं होतं. एक किल्ली, फुटलेलं कुलूप, पहार. गोष्ट इतकी नीट जुळत होती की खरीच वाटावी.

भिका आठ रात्री विचार करत पडून राहिला. नोकरीचं त्याला फारसं वाटत नव्हतं. पण जिवल्या आपल्या हातून, आपण कुलूप उचकटल्यामुळे मेला, असं आपल्याच तोंडाने सांगायचं, आणि मग तानीसमोर जेवायला बसायचं, हे त्याच्याने होईना. चौकशीच्या दिवशी सकाळी तो बायडीला म्हणाला, "मी खरं तेच बोलनार." बायडी म्हणाली, "बोल." 

चौकशीला आलेले साहेब वयस्कर होते, चष्मा नाकावर घसरलेला. स्टेशनातच टेबल मांडलं होतं. शेजारी एक कारकून लिहीत होता. भिकाने सगळं सांगितलं. साबणाची वडी, बोईसर, चौथा दिवस, झेंडी, घड्याळ. आपलाही गुन्हा लपवला नाही. साहेबांनी त्याला मध्येच तोडलं नाही. मग त्यांनी सिग्नलच्या कुलपातली किल्ली मागवली, उजेडात धरली आणि अंगठ्याने घासून पाहिली.

"ही वीस वर्षांची किल्ली वाटत नाही," ते म्हणाले. "कडा अजून धारदार आहेत."

कोपऱ्यात उभ्या नागोरावांनी रुमालाने मान पुसली. बाहेर व्हरांड्यात उभा कृष्णकांत आत आला नाही.

"पण नुसत्या कडांवर मला लिहिता येणार नाही," साहेब म्हणाले. "दोन किल्ल्या एका वेळी पाहिलेलं आणखी कुणी आहे?"

"हाय, साहेब," भिका म्हणाला. "माजी बहीन. ती रोज इथं माठ भरते. एक किल्ली या दांड्याला नि एक माज्या कंबरेला, तिनं दोनी बगितल्यात. तानीला इचारा. मेला तो तिचाच नवरा."

तानीला बोलावलं. ती दारातच उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी धरलेला, कपाळ मोकळं. साहेब खुर्चीत पुढे सरकून हळू आवाजात बोलले. अशा बाईशी कसं बोलावं हे त्यांना कळत होतं.

"बाई, घाबरू नका. तुम्ही इथे पाणी भरता. किल्ल्या किती होत्या?"

तानीने भिकाकडे पाहिलं नाही. ती माठाकडे बघत होती.

"एक," ती म्हणाली.

"नीट आठवून सांगा. इथे एक आणि तुमच्या भावाच्या कमरेला एक, अशा दोन कधी पाहिल्यात?"

"नाय. एकच. दादाच्या कंबरंला असायची तीच."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. भिकाला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? तिची दोन पोरं अजून जिवंत होती. भट्टीची वाट तिला माहीत होती, भिकाला ती फक्त ऐकून ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी त्याने ज्या पोरांसाठी साबणात किल्ली दाबली, त्याच पोरांसाठी ती आज खोटं बोलत होती. तिला दोष द्यायला त्याला जागाच सापडेना.

साहेबांनी तानीला बाहेर बसायला सांगितलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भिका, अजून वेळ आहे. तू दोन म्हणतोस ना? मी ही किल्ली तपासायला पाठवतो, बोईसरला माणूस धाडतो, लेथवाला शोधतो. सापडेल. पण मग तुझी बहीण चौकशीत खोटं बोलली हे मला लिहावं लागेल. तिला परत बोलावतील, कुणी शिकवलं ते विचारतील. कदाचित पोलीसही विचारतील. तर सांग, काय लिहू?"

साहेब भला माणूस होता. त्याने हे सगळं भिकाच्या भल्यासाठीच सांगितलं, आणि त्यानेच सगळं बिघडलं. पोलीस हा शब्द करंजपाड्यात कुणी हळू म्हटला तरी मोठ्याने ऐकू येतो. तानीला जीपमध्ये बसवताना भिकाला डोळ्यांसमोर दिसलं. पोरं मागे धावताना दिसली. जिवल्याला तर त्याने घालवलंच होतं.

"नका लिहू," तो म्हणाला. "एकच होती."

"म्हणजे आधी सांगितलंस ते?"

"खोटं, साहेब. भेवलो होतो. कुलूप मीच उचकटला."

 साहेबांनी कारकुनाला खूण केली. कारकुनाने नवा कागद घेतला. भिका रेल्वेत लागल्यावर सही करायला शिकला होता. त्याने सावकाश, एकेक अक्षर लावून सही केली. नागोरावांनी त्याला प्यायला पाणी दिलं. भिकाने ते घेतलं आणि प्यायलंही.

तो बाहेर आला तेव्हा तानी स्टेशनासमोरच्या झाडाच्या पारावर बसली होती. कृष्णकांत निघून गेला होता. भिका तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला. तिला दुखवायचं नाही, एवढं एकच त्याने ठरवलं होतं.

"सुटलास?" तिने विचारलं.

"नाय."

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "म्हंजी? किल्ली नवी हाय असं साहेबच बोलला. मी भायेरून आयकला. तू दोन बोललास, साहेबाला पटलाबी व्हता."

"तू एक बोललीस. मग मीबी एकच बोललो."

तानीचा चेहरा उतरला. तिच्या हातून पदर सुटला तो तिने सावरला नाही.

"कशाला?" ती म्हणाली. "दादा, कशाला रं? मी एक बोलनार, असा मी कृष्णकांतला सबूद दिला व्हता. दिलेला सबूद पाळला, नि पोरांचा काम राखला. पन माजा कोन खरा मानतो? मी अंगठा उठवनारी बाय. साहेब तुजाच खरा धरील, म्हनून मी बोलले. मला वाटला, मी बी सुटंन नि तू बी सुटशील."

समोरून बोईसरची गाडी गेली. दोघं ती जाईपर्यंत थांबली. मग तानी उठली आणि परत स्टेशनाच्या दाराकडे निघाली, साहेबाला सांगते म्हणाली, दोन होत्या, मी खोटं बोलले. भिकाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. आत सही वाळली होती.